गुडघ्याचा अस्थिसंधिशोथ : बलवर्धक व्यायाम व आधारपट्टे

गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चेचा (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत व लवचिक आवरणाचा) क्रमशः ऱ्हास होऊन वेदना, ताठरपणा व हालचालींवर मर्यादा निर्माण करणारा दीर्घकालीन विकार. व्यवहारात त्यास ‘गुडघ्याची झीज’ म्हणतात; तथापि यंत्राचा भाग घासला जावा तसा हा प्रकार नाही. कूर्चेखालील हाड, सांध्याचे अस्तर (संधिकला), बंध व सभोवतालचे स्नायू या सर्वांचा त्यात सहभाग असतो. नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध उपलब्ध नाही. स्नायूंचे बल मात्र उतारवयातही वाढविता येते. म्हणून बलवर्धक व्यायाम हा उपचाराचा पाया व आधारपट्टा हे त्याचे पूरक साधन ठरते.

कारणे व स्वरूप : वाढते वय, स्थूलता, पूर्वीची इजा, आनुवंशिकता आणि वारंवार गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून करावयाची कामे ही प्रमुख कारणे होत. उतारवयातील स्त्रियांत हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये क्ष-किरण चित्रावरून विकाराच्या ० ते ४ अशा श्रेणी ठरविल्या व त्या अद्याप वापरात आहेत. परंतु चित्रातील झीज आणि रुग्णाची वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. हा विकार केवळ शहरी नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या सर्वेक्षणात गुडघा हे ग्रामीण जनतेच्या दुखण्याचेही एक प्रमुख ठिकाण असल्याचे दिसून आले.

गुडघ्यावरील भार : कृत्रिम सांध्यात बसविलेल्या मापकांवरून असे आढळले आहे, की सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सु. अडीच पट, जिना चढताना तिपटीहून थोडा अधिक, तर उतरताना सु. साडेतीन पट भार येतो. यातील मोठा हिस्सा सांध्याच्या आतील बाजूवर पडतो. त्यामुळे बहुधा तीच बाजू आधी झिजते व पाय धनुष्याकृती होतात. मांडीच्या पुढील चतुःशिरस्क स्नायू पाऊल टेकताना धक्का शोषून घेतो. तो दुर्बल झाला, की धक्का सरळ सांध्यावर येतो.

मुंबईच्या उपनगरांत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील तीन-चार मजल्यांच्या अनेक जुन्या इमारतींना उद्वाहक (लिफ्ट) नाही. तरुणपणी तेथे घर घेतलेले रहिवासी आता वृद्ध झाले आहेत. रेल्वे स्थानकांवरील पादचारी पुलांचे जिने हाही रोजचा भाग. घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा मेट्रो मार्ग (२०१४) उन्नत असला, तरी त्याच्या स्थानकांवर उद्वाहक व सरकते जिने आहेत; घरचा जिना मात्र चुकत नाही. वेदनेच्या भीतीने रुग्ण खाली उतरणे टाळतो, त्यामुळे स्नायू क्षीण होतात, वजन वाढते व वेदना अधिकच बळावते. हे दुष्टचक्र तोडणे हाच उपचाराचा हेतू होय.

व्यायाम : प्रारंभी पाय पसरून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती गुडघ्याने खाली दाबून पाच सेकंद धरावी व सोडावी, असे दहा वेळा करावे. त्यानंतर उताणे निजून एक गुडघा दुमडावा व दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. कुशीवर निजून वरचा पाय उचलावा (याने नितंबाचे स्नायू बळकट होतात). खुर्चीवर बसून पाय गुडघ्यात सरळ करावा. पुढील टप्प्यात हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे व कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार करणे यांचा समावेश होतो. बलवर्धक व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस करावेत. गुण दिसण्यास सु. आठ ते बारा आठवडे लागतात. व्यायामात सौम्य वेदना झाल्यास हरकत नाही. ती दुसऱ्या दिवशीही वाढलेली राहिल्यास प्रमाण कमी करावे. सोबत सपाट जमिनीवर चालावे. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये सुरू झालेला शिक्षण व देखरेखीखालील व्यायाम यांवर आधारित कार्यक्रम पुढे अन्य देशांतही स्वीकारला गेला.

आधारपट्टे : औषधांच्या दुकानांत ‘नी-कॅप’ म्हणून मिळणारा ताणता येणारा पट्टा ऊब देतो व सांध्याच्या स्थितीची जाणीव वाढवितो, तो भार फारसा कमी करीत नाही. वाटीभोवती छिद्र असलेला पट्टा वाटीमागील वेदनेत उपयोगी पडू शकतो. बिजागरीयुक्त पट्टा अस्थिर सांध्यास आधार देतो. भारमोचक पट्टा तीन ठिकाणी दाब देऊन झिजलेल्या बाजूवरील भार काही प्रमाणात निरोगी बाजूकडे वळवितो. तो महाग व अवजड असून मापानुसारच घ्यावा लागतो. पट्ट्यांविषयी तज्ञांत एकमत नाही. अमेरिकन संधिवात महाविद्यालयाने २०१९ मध्ये मांडी व नडगीच्या हाडांमधील सांध्यासाठीच्या पट्ट्यांची जोरदार शिफारस केली, तर इंग्लंडमधील २०२२ च्या मार्गदर्शनानुसार ते सरसकट देऊ नयेत. सांधा अस्थिर असल्यास वा भार विषम पडत असल्यास आणि पट्ट्याविना व्यायाम साधत नसल्यास द्यावेत. पट्टा चालताना व जिन्यावर वापरावा, झोपताना काढावा. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्याखाली पुरळ व बुरशी येते. म्हणून तो धुवून पूर्ण वाळवावा. मधुमेह किंवा पायांतील रक्ताभिसरणाचे विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच तो वापरावा.

इतर उपाय : एक किलोग्रॅम वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सु. चार किलोग्रॅमने कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना निरोगी पाय व उतरताना दुखरा पाय प्रथम टाकावा. मुंबईत परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात १९५३ मध्ये भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था (१९५५) आधारसाधनांच्या निर्मितीचेही कार्य करते. सर्व उपाय करूनही वेदनेमुळे दैनंदिन जीवन अशक्य झाल्यास सांधा-प्रतिरोपणाचा विचार करतात. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यावर अशा शस्त्रक्रिया मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात २००० व २००१ मध्ये झाल्या. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रीय नियंत्रण आले. शस्त्रक्रियेनंतरही स्नायूंचे व्यायाम अपरिहार्य असतात.

सांधा लाल व गरम होऊन ताप येणे, पोटरी अकस्मात सुजणे, गुडघा अडकून पडणे किंवा पायावर भार न पेलणे ही लक्षणे दिसल्यास व्यायाम व पट्टा दोन्ही थांबवून तत्काळ वैद्याकडे जावे.