निरीक्षणात्मक विवाह छायाचित्रण

निरीक्षणात्मक विवाह छायाचित्रण ही विवाहसोहळ्यातील प्रसंग कोणतीही मांडणी न करता, घडतील तसे टिपण्याची छायाचित्रण व चित्रीकरणाची पद्धत आहे. यात वधू-वरांना उभे राहण्याविषयी सूचना दिल्या जात नाहीत किंवा छायाचित्रासाठी एखादा विधी पुन्हा करवून घेतला जात नाही. भारतात या पद्धतीस सामान्यतः 'कँडिड फोटोग्राफी' म्हटले जाते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात अवजड कॅमेऱ्यांमुळे विवाहाची छायाचित्रे प्रामुख्याने स्टुडिओत काढली जात. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका या ३५ मिमी कॅमेऱ्यामुळे चालत्या-फिरत्या प्रसंगांचे छायाचित्रण सुलभ झाले. चित्रपटात रॉबर्ट ड्रू यांच्या 'प्रायमरी' (१९६०) या माहितीपटाने निवेदकाऐवजी निरीक्षणावर भर देणारी शैली रुजवली. विवाह छायाचित्रणात वृत्तछायाचित्रणाची दृष्टी आणण्याचे श्रेय बहुधा अमेरिकन छायाचित्रकार डेनिस रेजी यांना दिले जाते. २१ सप्टेंबर १९९६ रोजी जॉर्जिया राज्यातील कंबरलँड बेटावर जॉन एफ. केनेडी (कनिष्ठ) व कॅरोलिन बेसेट यांचा विवाह झाला. चर्चमधून बाहेर पडताना वराने वधूच्या हाताचे चुंबन घेतले. रेजी यांनी टिपलेले हे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले.

कार्यपद्धती

छायाचित्रकार शक्यतो उपलब्ध प्रकाशातच काम करतो. विधींचा क्रम ठाऊक असणे व योग्य जागा आधीच हेरणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, मराठी विवाहात मंगलाष्टके संपताच अंतरपाट दूर होतो. वधू-वरांच्या नजरभेटीचा तो क्षण काही सेकंदांतच सरतो. चित्रीकरणात मंत्रोच्चार, हास्यविनोद व पाहुण्यांचे संभाषण यांचे मूळ ध्वनी राखले जातात.

मर्यादा

हुकलेला क्षण पुन्हा घडवता येत नाही, ही या पद्धतीतील मुख्य जोखीम होय. कुटुंबीयांना एकत्रित छायाचित्रे हवी असल्याने अनेक छायाचित्रकार त्यासाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवतात. ही पद्धत पूर्णतः तटस्थही नसते. कॅमेऱ्याच्या उपस्थितीने लोकांचे वागणे बदलू शकते आणि कोणते क्षण ठेवायचे हे संकलनात ठरते. पाठवणीच्या वेळी अश्रू ढाळणाऱ्या व्यक्तीला आपण टिपले जात आहोत याची कल्पना नसते. त्यामुळे अशी छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी संमती घेण्याचा प्रश्न उद्भवतो. डग ब्लॉक यांनी '११२ वेडिंग्ज' (२०१४) या माहितीपटात, आपण पूर्वी चित्रित केलेल्या विवाहांतील काही जोडप्यांना पुन्हा भेटून त्यांच्या पुढील सहजीवनाचा वेध घेतला आहे.