सोन्याला भावफलक असतो, पेटीला नसतो : गहाणातल्या वाद्यांचा हिशेब

या भागाचा लिहिलेला मजकूर खाली देतोय. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून आकडे आणि कायद्याची कलमं इथे नीट मांडली आहेत. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

विषय साधा आहे. तुम्हाला पेटी, तबला, गिटार, कीबोर्ड किंवा ऑक्टापॅड घ्यायचाय. नवं परवडत नाही. कोणीतरी सांगतं, "अरे, त्या दुकानात गहाणातला माल आलाय, बघून घे ना भो." तुम्ही जाता आणि किंमत ऐकून चक्रावता. नव्यापेक्षा जेमतेम दोन-तीन हजारांनी कमी! वस्तू जुनी, वर धूळ, वॉरंटी नाही, तरी एवढी किंमत का? आणि दुसरा प्रश्न, जो आपण सहसा विचारतच नाही : ती वस्तू ज्याची होती, त्याला यातले किती मिळाले? आज दोन्ही प्रश्न घेऊ.

आपल्याकडचं गहाणाचं दुकान

अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये तुम्ही पॉन शॉप बघितलं असेल. काचेच्या कपाटात घड्याळं, भिंतीवर ओळीने गिटारी. जळगाव-धुळ्यात गहाण म्हटलं की आधी सोनं आठवतं. जळगावला तर सुवर्णनगरीच म्हणतात. मंगळसूत्र, पाटल्या, अंगठी ठेवून पैसे मिळतात, कारण सोनं वजनावर जातं, आटवलं तरी पैसे होतात.

वाद्याचं तसं नाही. म्हणून ते आडवाटेने फिरतं. ओळखीचा माणूस पैसे देतो आणि पेटी ठेवून घेतो. साउंड सर्व्हिसवाला कीबोर्ड अडकवून ठेवतो. जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाचा दुकानदार "सहा महिन्यांत सोडव" म्हणून ऑक्टापॅड घेतो. मुदत टळली की तोच माल दुकानात पुढे मांडला जातो, नाहीतर ॲपवर फोटो चढतो.

हे कधी होतं तेही बघा. आपल्या खान्देशात बँड आणि ऑर्केस्ट्रा चालतात ते मुख्यतः लग्नसराईवर. देवशयनी एकादशीला मुहूर्त थांबतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. मधे कानबाई, गणपती, नवरात्र असतं, पण ती मोजक्या दिवसांची कमाई. घरभाडं आणि शाळेची फी मात्र दर महिन्याला. घरात सोनं असेल तर सोनं जातं. सोनं आधीच गेलेलं असेल, तर कमाईचं साधनच जातं.

भाव येतो कुठून?

सराफाच्या दुकानात भावफलक असतो. आजचा दर अमुक, वजन अमुक, घडणावळ अमुक. शेजारच्या दुकानात विचारलं तरी फार फरक पडत नाही. कस लावून शुद्धता कळते. वाद्याला यातलं काहीच नाही. शहरात त्या दिवशी त्या मॉडेलचा एकच नग विकायला असतो. तुलना करायची कशाशी?

दुकानदाराच्या डोक्यात हिशेब साधारण असा चालतो. "मी यावर 5,000 दिले. सहा महिने माल पडून आहे. इंटरनेटवर नव्याची किंमत 20,000 दिसते. गिऱ्हाईक घासाघीस करणारच. तर 16,000 सांगू." या हिशेबात पेटीचा भाता फाटलाय का, कीबोर्डची पट्टी अडकते का, हे कुठेच येत नाही. कारण त्याला वाजवता येत नाही! मी एका दुकानात पेटीचे स्वर कसे आहेत असं विचारलं. उत्तर आलं, "एकदम ओरिजिनल आहे दादा, लाकूड बघा ना." लाकूड खरंच छान होतं. मधल्या सप्तकातले दोन सूर मुके होते.

म्हणजे प्रत्येक वेळी लबाडी असते असं नाही. बऱ्याचदा ते अज्ञान असतं, आणि अज्ञानात माणूस किंमत वरच ठेवतो. आपण चुकून स्वस्तात तर देत नाही ना, ही त्याची भीती.

यावर अर्थशास्त्रातला एक प्रसिद्ध लेख आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल लिहिला. पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा असा : चांगली गाडी कोणती आणि खटारा कोणता हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो प्रत्येक गाडीला मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात खटारे. चांगला तबला असलेला माणूसही तो दुकानात नेत नाही, आपल्या शिष्याला किंवा ओळखीच्याला देतो. म्हणून दुकानात जे आहे त्याकडे आधी संशयाने बघायचं.

ज्याची वस्तू, त्याचे पैसे

आता दुसरा प्रश्न. धुळ्यातल्या एका ओळखीच्या वादकाने पावसाळ्यात ऑक्टापॅड ठेवून 5,000 रुपये घेतले. व्याज शेकडा पाच, म्हणजे महिन्याला 250. सहा महिन्यांनी, लग्नं सुरू झाल्यावर, तो 6,500 जमवून सोडवायला गेला. ऑक्टापॅड विकला गेला होता, 14,000 ला. त्याला सांगण्यात आलं, "मुदत संपली, विषय संपला." त्याने मान खाली घातली आणि परत आला. त्या हंगामात तो दुसऱ्याचं वाद्य भाड्याने घेऊन वाजवत होता.

विषय संपला नव्हता. भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 176 सांगतं की कर्ज फिटलं नाही तर तारण ठेवून घेणारा वस्तू विकू शकतो, पण आधी वाजवी नोटीस द्यावी लागते. आणि विक्रीतून येणं वजा जाऊन जे उरेल, ते मूळ मालकाला परत द्यावं लागतं. कलम 177 प्रमाणे प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत, मुदत टळली तरी, पैसे भरून वस्तू सोडवता येते.

व्याजाचंही बघू. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 मध्ये आला. त्याखाली सरकारने 2014 मध्ये ठरवलेले दर असे : शेतकऱ्याला तारण असलेल्या कर्जावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्के. इतरांना तारणावर 15, विनातारण 18 टक्के. हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत! शेकडा पाच महिन्याला म्हणजे वर्षाला 60 टक्के झाले.

तर हिशेब मांडा. 5,000 वर 15 टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज 375. येणं झालं 5,375. विक्री 14,000. उरले 8,625. एवढी रक्कम त्या वादकाची होती. दुकानात महाग वाटणाऱ्या किमतीचा मोठा भाग खरं तर आधीच्या मालकाच्या खिशातून आलेला असतो.

यात एक मेख आहे. बरेच जण पैसे देताना कागदावर "विकत घेतले" असं लिहून सही घेतात. मग ते तारण राहत नाही, विक्री होते, आणि वरचा सगळा युक्तिवाद सिद्ध करणं कठीण जातं. म्हणून वाद्य ठेवायची वेळ आलीच, तर कागदावर "तारण" हा शब्द, रक्कम, व्याज, मुदत आणि वाद्याचा सिरियल नंबर हवा. कागदाचा फोटो लगेच मोबाइलमध्ये काढा. सावकाराला परवाना लागतो. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत ही कार्यालयं आहेत.

आपली कसोटी आपणच लावायची

आता घेणाऱ्याकडे येऊ. फोनमध्ये एक फुकटचं ट्यूनर ॲप टाकून घ्या. शक्यतो वाजवणारा माणूस सोबत न्या.

पेटी : खिट्या उघडा आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. आपोआप सूर निघाला, तर पट्टी खाली नीट बसत नाही. हवा भरून थांबा. पट्टी न दाबताच हवा झटकन निघून गेली, तर गळती आहे. मग प्रत्येक पट्टी हळू दाबून ट्यूनरवर बघा. सगळे सूर सारखेच थोडे चढे किंवा उतरे असतील तर निभावतं. एक चढा, एक उतरा असेल तर पूर्ण सुरात लावून घ्यावी लागेल. खर्ज-नर अशी डबल लाइन असेल तर दोन्ही लाइन वेगवेगळ्या वाजवून बघा. "जर्मन रीड आहेत" असं सांगितलं, तर पेटी उघडून दाखवा म्हणा. गुजरातमधल्या पालितान्याचे रीडही नावाजलेले आहेत, त्यात कमीपणा नाही. पण जर्मनच्या नावावर जास्तीचे पैसे बघितल्याशिवाय देऊ नका.

तबला-डग्गा : पुडी फाटलेली असेल तर घाबरू नका, पुडी बदलणं ही नेहमीची गोष्ट आहे. फक्त तो खर्च किमतीतून वजा करा. बघायचं ते खोड. आतून-बाहेरून तडा आहे का? कीड लागलीये का? शिसवाचं जुनं, जड खोड चांगलं असेल तर तोच खरा माल. मग सोळाही घरांवर हलकेच वाजवून सूर सारखा येतो का ऐका. डग्गा तांब्या-पितळेचा असेल तर पोचे आणि डाग दिलेले सांधे तपासा.

कीबोर्ड : सगळ्या पट्ट्या, काळ्यासुद्धा, एकेक करून दाबा. हळू आणि जोरात दाबल्यावर आवाजात फरक पडायला हवा. काही साध्या मॉडेलमध्ये ती सोयच नसते, म्हणून मॉडेल नंबर आधी शोधा. हेडफोन लावा, वायर हलवा, खरखर येते का बघा. ॲडॉप्टर कंपनीचा आहे की दुसराच, तेही विचारा.

ऑक्टापॅड : रोलँडने 1985 मध्ये या नावाचं पहिलं वाद्य काढलं, आता आपण सगळ्यांनाच ऑक्टापॅड म्हणतो. आठही पॅडवर मधे आणि कडेला, हलके आणि जोरात वाजवा. एका टोल्याला दोन आवाज आले, किंवा शेजारचा पॅड बोलला, तर सेन्सरचं काम निघेल. बंद करून पुन्हा चालू करा, सेटिंग टिकतं का बघा. दोन्ही आउटपुट तपासा.

गिटार : डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून मानेची रेषा बघा. मान वाकलेली असेल तर सोडून द्या. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि मोकळ्या तारेचा सूर ट्यूनरवर एकच नाव दाखवायला हवा, एक सप्तक वर.

किती म्हणायचं?

माझा ठोकताळा सांगतो, हा काही नियम नाही. छापील एमआरपी विसरा. नवं वाद्य दुकानात प्रत्यक्ष कितीला मिळतं, ते दोन ठिकाणी फोन करून विचारा. समजा 20,000. चालू स्थितीतल्या जुन्याला मी त्याच्या साठ टक्के धरतो, म्हणजे 12,000. कारागिराला व्हिडिओ पाठवून दुरुस्तीचा अंदाज घ्यायचा. तो 2,000 म्हणाला, तर माझा आकडा 10,000. दुकानदार 16,000 म्हणत असेल तर मी त्याला दोष एकेक करून वाजवून दाखवतो. मुका सूर त्यालाही ऐकू येतो. आकडा जुळला नाही तर नंबर देऊन निघतो. माल पडून राहिला की फोन येतो, नाही आला तर नाही.

वेळही बघा. लग्नसराई तोंडावर आली की ऑक्टापॅड आणि कीबोर्डला मागणी असते. आषाढात तीच वस्तू विचारून बघा.

आणि पावती! विकणाऱ्याचं नाव, तारीख, मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम. शक्य तर मूळ बिल. पेटीवर एखाद्या भजनी मंडळाचं किंवा शाळेचं नाव खरवडलेलं दिसलं तर हात लावू नका. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.

शेवटी एक विनंती. दुकानात "गहाणातला माल" म्हणून वाद्य दाखवलं, तर विचारा, "आधीचा मालक सोडवायला येणार होता का? त्याला नोटीस दिली का?" उत्तर गोलमोल आलं तर वस्तू कितीही स्वस्त असो, थांबा. शहर लहान आहे. तो वादक कदाचित तुमच्याच चुलत भावाच्या हळदीला वाजवून गेलेला असेल.

पुढच्या भागात पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांबद्दल बोलू. तुमच्या गावात किंवा तालुक्यात हे काम कोण करतं, त्यांची परवानगी घेऊन आम्हाला आवाजी मेसेज पाठवा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा, ज्याचा ऑक्टापॅड सध्या दुसऱ्याच्या कपाटात आहे. विकला गेला नसेल, तर तो अजून सोडवता येतो.