महालातला महाल
नागपूरच्या महाल भागात पाहुण्याला नेले की तो हमखास विचारतो, 'अहो, पण महाल कुठंय?' काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा भोसल्यांचा तो राजवाडा १८६४ साली जळाला. मला मात्र वाटते, वाडा रिकामा झाला तो आधीच. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक अमान्य करून राज्य खालसा केले. हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. जडजवाहीर विकायला कलकत्त्याला गेले. वृद्ध बांकाबाईंना हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहावे लागले. सत्तावनच्या उठावानंतर दत्तक जानोजींना इंग्रजांनी मान्यता दिली, 'देऊरचे राजेबहादूर' म्हणून. देऊर कुठे, तर साताऱ्याकडे!