पाणी ओसरल्यानंतर
(आपत्तीचा मनावर होणारा परिणाम आणि आपण काय करू शकतो)



ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यात शिरले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. गणपती तोंडावर आले होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत चिखल साचला होता, रस्त्यांवर मगरी दिसत होत्या आणि दोन-दोन दिवस वीज नव्हती. पुढे भिंतींना रंग लागला, फ्रिज नवा आला, विम्याचे कागद फाईलला गेले. पण आमच्या सोसायटीतल्या एक आजी अजूनही जोराचा पाऊस लागला की झोपत नाहीत. खिडकीत बसून रस्त्यावरचे पाणी किती चढले ते पाहत राहतात. घरचे म्हणतात, "आई, झालं गेलं, आता विसरा की!" आजी गप्प होतात. खरे सांगायचे तर मीही त्यांना हेच सांगत असे. ते चुकत होते, हे थोडे वाचल्यावर आणि जाणकारांशी बोलल्यावर कळले. म्हणून हा लेख.

मनाला नेमके काय होते?

संकट समोर आले की शरीर आपोआप सावध होते. छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, झोप उडते, कान टवकारले जातात. ही जीव वाचवण्याची सोय आहे. अडचण अशी की संकट टळल्यावरही काही दिवस ही सावधगिरी उतरत नाही. पत्र्यावरचा पावसाचा आवाज, ओल्या मातीचा वास, दूरवरचा भोंगा, एवढ्यानेही शरीर पुन्हा "पाणी आले" असे समजते.

त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत झोप न लागणे, दचकणे, चिडचिड, अन्नावर वासना नसणे, विसरभोळेपणा, एकदम रडू येणे, हे सगळे होऊ शकते. काहींना अपराधी वाटते: "गाडी वेळेवर वर नेली असती तर", "शेजारच्यांना हाक मारली असती तर". हे वेड नव्हे आणि मनाचा कच्चेपणाही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे, की मोठ्या संकटातून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मानसिक त्रास होतो आणि बहुतेकांचा तो काळाबरोबर कमी होतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र तो टिकून राहतो आणि त्याचे आजारात रूपांतर होते.

शिवाय मूळ आपत्तीनंतर दुसरी सुरू होते. पंचनामा, विमा, कर्जाचा हप्ता, मुलांची भिजलेली पुस्तके, रोजच्या खेपा. अनेक जण खचतात ते इथे. आणि काही नुकसान पंचनाम्यात बसतच नाही. लग्नाचा अल्बम, आईच्या हातची वही, देव्हाऱ्यातला जुना टाक यांची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

लहान मुले आणि वडीलधारी

मुले बोलून दाखवत नाहीत, वागून दाखवतात. मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते, आईला सोडत नाही, "पूर-पूर" खेळते. खेळू द्यावे, भीती बाहेर काढण्याची ती त्यांची रीत आहे. त्यांच्यासमोर पुराचे व्हिडिओ मात्र पुन्हा पुन्हा लावू नयेत. शाळा, जेवण आणि झोपेच्या वेळा लवकर मार्गी लागल्या की मुले सावरतात.

वृद्धांचे दुःख बहुधा मुके असते. सकाळचे फिरणे, देवपूजा, ठरलेला कट्टा ही घडी मोडली की ते हरवल्यासारखे होतात. त्यांची औषधे चुकत नाहीत ना, हे आधी पाहावे.

काय करू नये, काय करावे

"विसरा", "इतरांचे बघा, तुमचे काहीच नाही", "रडायचे नाही" ही वाक्ये आपण चांगल्या मनाने बोलतो. ऐकणाऱ्याला मात्र एवढेच कळते की इथे बोलायची सोय नाही. उलट टोकही बरे नव्हे. पूर्वी असे मानत, की वाचलेल्यांना लगेच बसवून सगळा प्रसंग तपशिलाने सांगायला लावावा. पुढच्या अभ्यासांत दिसले, की अशा एका बैठकीने नंतरचा आजार टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो. आता असा आग्रह धरू नये असा सल्ला दिला जातो.

त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची साधी पद्धत सांगितली. ती तीन शब्दांत मावते: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहा. सांगेल तेवढे ऐका, खोदून विचारू नका. मग नातेवाईक, डॉक्टर, सरकारी मदत, जे हवे असेल त्याच्याशी त्यांना जोडून द्या. यासाठी पदवी लागत नाही.

किल्लारीने शिकवलेले

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून थकलेली माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद कोसळून लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे १० हजार माणसे गेली. ज्या घराने ऊन-पावसापासून राखले त्यानेच जीव घेतल्यावर छपराखाली झोपायची भीती बसणारच.

पुनर्वसनात ५० हून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. घरे पक्की झाली, रस्ते रुंद झाले, पण आखीव प्लॉटांत जुन्या गल्ल्या आणि त्यांतला शेजार विस्कटला. ज्या शेकडो गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथे वेगळे काही घडले. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. भूकंपात टिकणारे बांधकाम त्या समजून घेत, घरोघरी सांगत, गावाचे म्हणणे अधिकाऱ्यांपर्यंत नेत. मदत घेणारी बाई मदत पोचवणारी झाली.

मग २६ जानेवारी २००१ उजाडला. ती सकाळ आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल, वडोदराही हादरले होते. कच्छ आणि गुजरातच्या इतर भागांत मिळून सुमारे २० हजार माणसे गेली. तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या या बायका कच्छच्या बायकांना भेटायला गेल्या. त्यांच्याजवळ अनुभव होता: आमचेही असेच झाले होते आणि आम्ही उभ्या राहिलो. तज्ज्ञाच्या दहा व्याख्यानांपेक्षा हे जास्त पोचते.

अभ्यासकही तेच पाच आधार सांगतात: सुरक्षित वाटणे, मन शांत होणे, आपल्या हातून काही होते हा विश्वास, माणसांची सोबत आणि पुढची आशा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

महिना उलटूनही झोप नाही, प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येतो, माणूस कामाला किंवा घराबाहेर जायचे टाळतो, व्यसन वाढते, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. यावर चांगले उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर महिन्याची वाट पाहू नये, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत व गुजरातीतही बोलता येते. हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

आपण मंडळ म्हणून

पुराच्या आठवड्यात पोळी-भाजीची पाकिटे आपण वाटतोच. पण तिसऱ्या महिन्यात फोन कोण करतो? एकट्या राहणाऱ्या सभासदांची यादी पावसाळ्याआधी करावी आणि प्रत्येकी दोन घरे वाटून घ्यावीत. पहिल्या मोठ्या पावसात आणि पुराच्या वर्षदिनी आठवण उफाळून येते, तेव्हा तर फोन नक्की करावा. गणेशोत्सवात अशा कुटुंबांना नुसते प्रसादाला न बोलावता एखादे काम सोपवावे.

आजींना आता मी "विसरा" म्हणत नाही. परवा रात्री पाऊस लागला तेव्हा फोन केला. जाग्याच होत्या. पाण्यात गेलेल्या ट्रंकेबद्दल, तिच्यातल्या लग्नाच्या शालूबद्दल बराच वेळ सांगत होत्या. मी फक्त ऐकत होते. शेवटी म्हणाल्या, "चल, आता पडते जरा."