घर तिच्या नावावर, काम कुणाच्या?

श्रम आणि स्त्री : लेखांक 6

मागच्या लेखांकात आपण जनगणनेतले 'मुख्य' आणि 'सीमांत' कामगारांचे रकाने पाहिले. आज त्या रकान्यांतून निसटून जाणाऱ्या बायकांच्या दारात जाऊ. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघालं की दक्षिण सोलापूर तालुक्यातलं कुंभारी लागतं. इथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची सहकारी वसाहत आहे. घरं दहा हजार. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या कामगार संघटनेने वर्षानुवर्षं लावून धरलेल्या मागणीतून ती उभी राहिली आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं वाटप झालं. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार बाई अशा तिघांच्या पैशांतून ही घरं झाली. सभासद बायकाच होत्या. स्त्रीच्या नावावर घर असल्याने तिचं घरातलं स्थान बदलतं का, हे तपासायला यापेक्षा मोठं उदाहरण महाराष्ट्रात मला तरी दिसत नाही.

पण हे घर नुसतं राहण्याचं नाही, तोच कारखानाही आहे. विडी कारखान्याच्या शाखेतून तेंदूपान, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. बाई पान भिजत घालते, फर्म्याने कापते, मांडीवर सूप घेऊन वळते, तोंड दुमडते, जुड्या बांधते आणि माल शाखेत नेऊन देते. मजुरी हजार विड्यांवर. तपासणीत ज्या छाटल्या जातात, त्यांच्यावर घातलेली मेहनत पदरात पडत नाही. यात स्वयंपाक, पाणी, पोरांची शाळा हे सगळं मधूनमधून चालूच असतं. पान कापायला मुलगी बसते, जुड्या बांधायला सासू हात लावते. नोंद मात्र एकाच कामगार कार्डावर एकाच नावाची. हजार विड्यांमागे हात किती लागले, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

अशा घरात पाहणी करणारा गेला आणि त्याने 'तुम्ही काम करता का?' एवढंच विचारलं, तर 'नाही, घरीच असते' हे उत्तर सहज येतं. बाई खोटं बोलत नाही. प्रश्नच अपुरा आहे. 'काल पहाटेपासून काय काय केलंत?' असं तासागणिक विचारलं की चित्र पालटतं. वेळ-वापर पाहणी याच पद्धतीने होते. देशातली पहिली प्रायोगिक पाहणी 1998-99 मध्ये सहा राज्यांत झाली. महाराष्ट्र त्यात नव्हता. पूर्ण देशाची पहिली पाहणी 2019 ची. तिच्यानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला 299 मिनिटं त्यात जात होती, तर ते करणाऱ्या पुरुषाची 97. विडी वळणारीच्या दिवसात हे जवळजवळ पाच तासांचं घरकाम संपल्यावर मजुरीचं काम सुरू होत नाही. दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात, आणि तिथेच मोजणाऱ्याची कसोटी लागते.

कायदा या बाबतीत पाहणीच्या पुढे होता, हे नोंदवलंच पाहिजे. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने मालकाचा कच्चा माल घरी नेऊन विडी करणारीलाही कामगार मानलं. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला आणि 1985 मध्ये घरी विडी वळणाऱ्या कामगारांना भविष्य निर्वाह निधीही लागू असल्याचा निकाल दिला. हे हक्क मिळवायचे तर कार्ड लागतं, आणि कार्डावर नाव नसलेली मुलगी, सासू, सून पुन्हा बाहेरच राहतात.

आरोग्याचंही तसंच. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात तंबाखू हाताळणाऱ्या विडी कामगारांच्या लघवीची तपासणी केली. निकोटीन शरीरात गेल्याची खूण असलेलं कोटिनीन त्यांना तिथे आढळलं. म्हणजे विडी न ओढताही तंबाखू अंगात भिनते. कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच गावात हजारो विडी कामगार बायका राहतात. खोकला, पाठदुखी, डोळ्यांची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या केसपेपरवर व्यवसाय म्हणून 'गृहिणी' लिहिलं गेलं, तर आजार आणि काम यांचा धागा तिथेच तुटतो. जिथे विडी वळली जाते त्याच खोलीत झोपणाऱ्या तान्ह्या बाळाचा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.

आणखी एक गोष्ट सोलापूरच्या संशोधनात वारंवार बाजूला पडते : भाषा. तेलंगणातून हातमागाच्या कामाला आलेल्या पद्मशाली घरांतल्या कितीतरी बायका विडी वळतात. घरात त्या तेलुगू बोलतात. मुस्लिम कामगार बायकांची बोली दख्खनी. बाजारात मराठी सगळ्याच बोलतात. पण पाळी, मारहाण, कर्ज यांबद्दल बोलायला घरची भाषा लागते. मराठी प्रश्नावलीने त्या घरांतून मिळणारं उत्तर अर्धंच असतं, असं माझं ठाम मत आहे.

याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा रे नगर प्रकल्प आहे. 19 जानेवारी 2024 ला त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण झालं. नव्या घरांत लोक रुळण्याआधीच बायकांच्या कामाची पहिली नोंद घ्यायला हवी, कारण नंतर तुलनेला काहीच उरत नाही. सोलापूर विद्यापीठातल्या समाजशास्त्र, समाजकार्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, प्रबंधाचा विषय दूर शोधू नका. तेलुगू आणि दख्खनी येणाऱ्या मैत्रिणींना सोबत घ्या, कार्डावरच्या नावाबरोबर सुपाभोवती बसलेल्या प्रत्येकीचं नाव लिहा, आणि जे सापडेल ते आधी त्या वसाहतीत वाचून दाखवा.