पाणी जिरवले, आता पुस्तक जिरवू या!

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव देशाला दोन गोष्टींसाठी माहीत आहे. एक अण्णा हजारे आणि दुसरी, पाणी अडवून जिरवण्याचे काम. तिसरी गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. इतरत्र नापास झालेल्या, शाळांनी नाकारलेल्या मुलांना या गावच्या शाळेने आणि वसतिगृहाने आवर्जून जवळ केले. खेड्यातले पोर नापास होते ते बहुधा गणितात नाही तर इंग्रजीत. त्यातून जे तरून जाते ते पारनेर, शिरूर किंवा नगरचे कॉलेज गाठते आणि तिथे इंग्रजी पुन्हा त्याची वाट अडवून उभी असते.

अलीकडेच राळेगणला आमचे जाणे झाले. कार्यक्रम आटोपल्यावर एक मुलगी पुढे आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय इंग्रजी. 'जय भीम' घालून तिने थेट विचारले, "सर, घरचे म्हणतात स्पर्धा परीक्षेचं बघ. या कविता-नाटकं शिकून आपल्या समाजाचा काय फायदा?" गर्दीत आम्ही तिला जे उत्तर दिले ते अपुरे होते. म्हणून हा लेखप्रपंच.

आम्हीही कॉलेजात इंग्रजी घेतले तेव्हा साहित्य वाचत नव्हतो, गाईड पाठ करत होतो. उच्चार चुकला की वर्ग हसायचा, म्हणून शेवटच्या बाकावर बसायचो. एके दिवशी एका कथेवर चर्चा चालू होती. "यातला नोकर सबंध कथेत एक अक्षर बोलत नाही," असे आमच्या तोंडून निघून गेले. सर थांबले. म्हणाले, "हे गाईडमध्ये नाही. तुला कसं दिसलं?" आम्ही म्हणालो, "सर, आमचे आजोबा पाटलाच्या वाड्यावर असेच उभे राहायचे." त्या दिवशी वर्ग हसला नाही. आपल्या वस्तीतले जगणे हे पुस्तक समजून घेण्याचे साधन असू शकते, हे आम्हाला प्रथमच कळले. व्याकरण पुढे हळूहळू सुधारले. मान मात्र त्याच दिवशी वर झाली.

याचा फायदा काय, हे पुढे कोर्टात कळले. अत्याचाराची फिर्याद ठाण्यात लिहिली जाते तेव्हा बोलतो आपला माणूस आणि भाषा असते पोलिसांची. शेवटी 'माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरी आहे' असे लिहून अंगठा घेतला जातो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. जातीवरून अपमान केल्याचा गुन्हा सिद्ध व्हायचा तर तो चारचौघांच्या नजरेसमोर घडला, हे दाखवावे लागते. नेमके तेवढेच वाक्य फिर्यादीत नसते आणि खटला तिथेच लंगडा होतो. कागदावर काय लिहिले आहे इतकेच नव्हे, तर काय लिहिलेले नाही, कोणाला बोलू दिलेले नाही, हे वाचायला आम्हाला कायद्याच्या पुस्तकाआधी त्या कथेने शिकवले. याच जिल्ह्यात २०१३ साली सोनई घडले, २०१४ साली खर्डा घडले. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. शब्द निसटला, साक्ष निसटली की न्याय निसटतो, हे नगर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको!

बाबासाहेबांचे इंग्रजी काही आकाशातून पडले नव्हते. रामजी सुभेदारांनी पोराकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना स्वतःची पुस्तके वाचायला दिली. त्याच इंग्रजीत बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेचा पंचनामा केला. त्याच इंग्रजीत १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य दाखवले.

हा धागा पुढे नेला तो इंग्रजीच्याच एका प्राध्यापकाने. डॉ. म. ना. वानखडे इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि त्यांचा लढा जवळून पाहिला. परत येऊन ते तेव्हाच्या औरंगाबादेत, बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य झाले. तुमच्यासारखेच भोगलेल्या माणसांनी काय लिहिले ते वाचा आणि मग आपले लिहा, हा त्यांचा आग्रह होता. १९६७ साली तिथून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. तेच पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' म्हणून नावारूपाला आले. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना उभारली, तिचे नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. इंग्रजीच्या वर्गातून निघालेली वाट मराठी साहित्याचा चेहरा बदलून गेली. ज्यांना हा 'फायदा' दिसत नाही, त्यांनी हा इतिहास पुन्हा वाचावा.

राळेगणमध्ये गावाने श्रमदान करून दलित कुटुंबांचे कर्ज फेडले, हे कौतुकाने सांगितले जाते. ते चांगलेच झाले, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्याचे कर्ज दुसऱ्याने फेडले तो माणूस आणि आपले म्हणणे स्वतः मांडणारा माणूस, यात अंतर आहे. पहिल्याला उपकार पुरतात. दुसऱ्याला भाषा लागते. आदर्श गावातल्या आमच्या मुलीला ती भाषा मिळणार की नाही, हा आमचा सवाल आहे.

स्पर्धा परीक्षा द्यावीच; नोकरीही हवी. पण गाईडमधले उत्तर हे उतारावरून वाहून जाणारे पाणी आहे. परीक्षा झाली की शेत पुन्हा कोरडे! मूळ पुस्तक सावकाश वाचले, अडखळत वाचले, तरच ते आत जिरते. म्हणून आमचे सांगणे साधे आहे. आधी पाठ वाचा, मग गाईडला हात लावा. एक तरी उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा, चुकले तरी चालेल. आणि शिकून शहरात स्थिरावलेल्या बांधवांनी महिन्यातला एक रविवार गावच्या विहारात या मुलांबरोबर पुस्तक घेऊन बसावे. वर्गणी देण्यापेक्षा हे काम कठीण आहे, म्हणूनच ते करायला हवे.

याच नगरमधून १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू झाले. १८५५ साली त्याच 'ज्ञानोदय'मध्ये फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. तो तिला कोणी गाईडमधून दिला नव्हता. बाबासाहेबांनी आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. भिक्खू नागसेनापुढे बसून हा राजा प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिला, समाधान होईपर्यंत थांबला नाही. राळेगणच्या आमच्या मुलीने पहिला प्रश्न तर विचारला आहे. तिने आता थांबू नये.

जय भीम!