धक्क्यावरचा धूर जातो कुठे?

अक्कलकोटला समुद्र नाही. तरीही बंदरांतून होणारे कार्बन उत्सर्जन कमी कसे करावे, हा विषय अक्कलकोटच्या वर्गात शिकवता येईल, असे आम्ही तिथल्या एका शिक्षक-मेळाव्यात सुचवले. साहजिकच प्रश्न आला, 'त्याचा आमच्या मुलांशी काय संबंध?' प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आपण थोड्या आकडेमोडीतून शोधू या.

सुरुवात ओळखीच्या वस्तूपासून करू. सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांवर टॉवेल विणले जातात. परदेशी जाणारे टॉवेल कंटेनरमध्ये भरून ट्रकने उरणजवळच्या न्हावाशेवा बंदराकडे निघतात. जिल्ह्यातली द्राक्षे आणि डाळिंबेही शीतकंटेनरमधून अशीच जातात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५ या वर्षात, वीस फुटी मापाने मोजले तर, ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. आपला टॉवेल त्यांपैकी एकात असतो.

उभे जहाज धूर का सोडते?

धक्क्याला लागलेल्या जहाजाचे मुख्य इंजिन बंद असते. पण दिवे, पंप, वायुवीजन आणि शीतकंटेनर यांना वीज लागतच असते. ही वीज जहाज स्वतःच्या डिझेल जनित्रांवर तयार करते. म्हणून जहाज उभे असले, तरी त्याचे धुराडे चालू असते.

समजा, मध्यम आकाराच्या एका जहाजाला धक्क्यावर १,००० किलोवॅट वीज लागते. चोवीस तासांत २४,००० युनिट झाले. एका युनिटसाठी जनित्राला साधारण ०.२१ किलो इंधन लागते. म्हणजे दिवसाला सुमारे ५ टन इंधन. यातून कार्बन डायऑक्साइड किती निघेल? इथे मुले हमखास अडतात. १ किलो इंधनातून ३.२ किलो वायू कसा निघेल, असे ती विचारतात. उत्तर त्यांच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातच आहे. १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनवतो. इंधनात वजनाने सुमारे ८७ टक्के कार्बन असतो, ०.८७ ला ४४ ने गुणून १२ ने भागले की जवळजवळ ३.२ येतात. म्हणजे आपले जहाज एका दिवसात १६ टन कार्बन डायऑक्साइड सोडते.

यावर सुचणारा उपाय सोपा आहे. जनित्र बंद करावे आणि किनाऱ्यावरून जाड केबल टाकून जहाजाला वीज द्यावी. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदराने २००० साली आणि लॉस एंजेलिसने २००४ साली हे करून दाखवले. मात्र हे घरातल्या भिंतीवर प्लग लावण्याइतके सरळ नाही. दाब ६,६०० किंवा ११,००० व्होल्टचा लागतो. शिवाय पुष्कळशा जहाजांची यंत्रणा ६० हर्ट्झवर चालते आणि आपली वीज आहे ५० हर्ट्झची. ती तशीच दिली तर जहाजावरच्या मोटारी सहाव्या हिश्श्याने मंदावतील. म्हणून वारंवारता बदलणारे मोठे परिवर्तक धक्क्यावर बसवावे लागतात.

इतका खर्च केल्यावर कार्बन किती वाचला? भारतात वीजनिर्मिती करताना, कोळसा, जलविद्युत, अणुवीज, वारा आणि सूर्य या सर्वांची सरासरी काढली, तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २४,००० युनिटांना ०.७ ने गुणा. उत्तर येते जवळजवळ १७ टन!

म्हणजे धुराडे बंद झाले, पण कार्बन कमी झाला नाही. तो दुसरीकडे गेला.

धूर हलला, की थांबला?

कुठे गेला? अक्कलकोटकरांना त्यासाठी लांब पाहायला नको. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला कोळशावर चालणारा १,३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. त्याचे ६६० मेगावॉटचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झाले. तो प्रकल्प उभा राहिला तो उजनीच्या पाण्याच्या भरवशावर. विजेचे जाळे देशभर एकच असल्याने बंदरातले अमुक युनिट फताटेवाडीहूनच आले, असे कुणी सांगू शकणार नाही. पण मागणी वाढली की कुठला ना कुठला कोळशाचा संच जास्त चालतो. त्याची राख तिथेच पडते आणि पाणीही तिथलेच लागते.

मग किनाऱ्यावरची वीज निरुपयोगी आहे का? तसे मुळीच नाही. जहाजाच्या धुरात काजळी, गंधकाची आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. ती आसपासच्या वस्तीतल्या लोकांच्या छातीत जातात. धुराडे बंद होताच उरणच्या माणसाला चांगली हवा मिळते. काजळीच्या बाबतीत ती कुठे पडते, हे महत्त्वाचे असते. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो उरणला सुटला काय आणि फताटेवाडीला सुटला काय, साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो आणि त्यातला मोठा भाग शतकानुशतके टिकतो. तिथे एकूण किती सुटला, एवढाच प्रश्न असतो. गोथेनबर्गचा फायदा दुहेरी झाला, कारण स्वीडनची वीज मुख्यतः पाण्यापासून आणि अणुशक्तीपासून मिळते. केबल तीच, तिच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, त्यावर कार्बन ठरतो.

बंदरालगतच्या कारखान्यांनाही हेच लागू आहे. तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि थळच्या खत कारखान्यात हायड्रोजन नैसर्गिक वायूसारख्या खनिज इंधनांपासून काढतात. त्याऐवजी विजेने पाण्याचे विघटन करून तो मिळवता येतो. पण ती वीज कोळशाची असेल तर कार्बन उलट वाढतो.

दर टनामागे, की एकूण?

केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'हरित सागर' ही बंदरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत दर टन मालामागे होणारे कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य आहे. नूतनक्षम विजेचा वाटा २०३० पर्यंत ६० टक्क्यांवर नेण्याचेही आहे. लक्ष्य चांगले आहे, पण 'दर टन' हे शब्द मुलांना नीट वाचायला लावावेत. आज उत्सर्जन १०० धरू. दर टनी ते ७० झाले आणि माल दुप्पट झाला, तर एकूण १४० होते! ही कल्पनेतली भीती नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्याची नियोजित क्षमता वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख कंटेनरांची, म्हणजे न्हावाशेव्याच्या आजच्या कामाच्या तिप्पट आहे.

आता पुन्हा आपल्या टॉवेलकडे येऊ. कंटेनरचा ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर चालतो असे धरले, तर बंदरापर्यंतच्या सुमारे चारशे किलोमीटरना ११५ लिटर डिझेल लागते. लिटरमागे २.७ किलो या हिशेबाने तीनशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड झाला. रिकामा परतण्याचा प्रवास आणि फाटकापाशी इंजिन चालू ठेवून थांबणे वेगळेच. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला घर्षण फार कमी होते. त्यामुळे विजेवरच्या मालगाडीत, आजची वीज धरूनही, हे काम साधारण पाव हिश्श्यात भागते. मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण २०२३ मध्ये पूर्ण झाले. अक्कलकोट रोड स्थानकावरून जाणाऱ्या तारा मुलांनी पाहिलेल्याच आहेत. अडचण अशी की एका कारखानदाराच्या मालाने गाडी भरत नाही. अनेकांचा माल एकत्र करावा लागतो.

वर्गात वरचे जहाजाचे गणित ०.७ च्या जागी ०.५, मग ०.३ आणि ०.१ घेऊन पुन्हा करायला सांगावे. जहाज बदलत नाही, केबल बदलत नाही. उत्तर मात्र १७ टनांवरून १२, ७ आणि अडीच टनांपर्यंत उतरत जाते. हा आकडा बंदरात ठरत नाही. तो फताटेवाडीच्या बॉयलरमध्ये, आपल्या माळरानांवरच्या सौरपट्ट्यांवर आणि साखर कारखान्यांतल्या बगॅसवर चालणाऱ्या वीजसंचांत ठरतो. अक्कलकोटच्या मुलांचा बंदराशी असलेला संबंध तो हाच.